चौसष्ट घरे आणि गव्हाचा एक दाणा

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही वीस अंकी संख्या शाळेच्या वहीत एका ओळीत सहज मावते. मोठ्याने वाचायची म्हटली तर मात्र जीभ अडखळते. कोटीच्या भाषेत सांगायचे तर ती एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट 'कोटी कोटी'हून थोडी जास्त भरते. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये 'लीलावती'त एकं, दहं, शतं अशी अठरा स्थानांची नावे दिली. त्यातले शेवटचे नाव परार्ध. आपली संख्या १८४ परार्धांच्याही पुढे जाते. याच 'लीलावती'चा फारसी अनुवाद अकबर बादशहाच्या काळात, इ.स. १५८७ मध्ये, फैजी यांनी केला होता.

वाचक बंधू-भगिनींनो, या महिन्यात आम्ही या एकाच संख्येची ओळख करून देणार आहोत. हजार वर्षांपूर्वी मुस्लिम विद्वानांनी हिच्यावर डोके चालवले. आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ती बसलेली आहे. शिवाय घरातल्या पैशाच्या व्यवहाराला उपयोगी पडेल अशी एक शिकवणही तिच्यात आहे.

राजा आणि सिस्सा

गोष्ट अनेकांनी ऐकलेली असेल. हिंदच्या शिहराम नावाच्या राजासमोर सिस्सा बिन दाहिर या हुशार माणसाने बुद्धिबळाचा खेळ मांडला. राजा खूश होऊन म्हणाला, "माग काय हवे ते!" सिस्साने मागितले गव्हाचे दाणे. पटाच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे दर घराला दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचे. राजाला वाटले, मागून मागितले ते काय, तर मूठभर गहू! पण हिशेब करायला बसल्यावर कळले की सगळे राज्य रिकामे केले तरी ही मागणी पुरी होणार नाही.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. शतरंज खेळावे की नाही याबद्दलही उलमांमध्ये मतभिन्नता आहे, त्यात आम्ही शिरत नाही. आपला विषय खेळ नसून पटावरचा हिशेब आहे. चौसष्ट घरांतल्या सगळ्या दाण्यांची बेरीज म्हणजेच वर दिलेली संख्या.

काझीसाहेबांना पटेना

ही गोष्ट लिहून ठेवणाऱ्यांत एक मोठे नाव आहे इब्न खल्लिकान यांचे. जन्म हिजरी ६०८, म्हणजे इ.स. १२११, मृत्यू हिजरी ६८१, इ.स. १२८२. ते दमिश्कचे मुख्य काझी होते आणि 'वफयातुल आयान' हा थोर माणसांचा चरित्रकोश त्यांनी लिहिला. त्या कोशात अस्-सूली या नामांकित शतरंजपटूचे चरित्र आहे. शतरंज अस्-सूली यांनीच शोधून काढले असा लोकांचा समज होता. तो चुकीचा आहे हे सांगताना इब्न खल्लिकान यांनी सिस्साची गोष्ट दिली.

पण काझी म्हणजे पुराव्याशिवाय न मानणारा माणूस. चौसष्ट घरांत एवढा अफाट आकडा होतो, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. मग अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने त्यांना कागदावर दाखवून दिले. त्याची रीत इतकी सोपी आहे की ती आजही मुलांना शिकवावी.

तो सोळाव्या घरापर्यंत दुप्पट करत गेला. तिथे आले ३२,७६८ दाणे. तो म्हणाला, हे एक 'कदह' माप भरते, आणि हे मी स्वतः मोजून पाहिले आहे. आजच्या हिशेबाने हा सव्वा किलोच्या आसपास गहू झाला. आता दाणे मोजायचे सोडून द्या, मापे मोजा. विसाव्या घरात सोळा कदह, म्हणजे एक 'वैबा'. सहा वैब्यांचा एक 'इर्दब्ब'. असे करत चाळिसाव्या घरात आले १,७४,७६२ इर्दब्ब आणि वर दोन तृतीयांश. तो म्हणाला, याला एक कोठार समजा. याहून मोठे कोठार कुठे नसते. मग पन्नासाव्या घरात झाली १,०२४ कोठारे. एवढी कोठारे एका शहरात आहेत असे धरा. आता चौसष्टाव्या घरात किती शहरे लागतील? १६,३८४. आणि जगात एवढी शहरेच नाहीत!

आम्ही हा हिशेब पुन्हा करून पाहिला. दाण्यापासून शहरापर्यंतची प्रत्येक पायरी बिनचूक आहे. मोठा आकडा डोक्यात मावत नसेल तर त्याला टप्प्याटप्प्याने मोठ्या मापात बांधायचे, हीच त्या हिशेबनिसाची युक्ती. एका शहाण्या काझीची शंका त्याने वाद न घालता दूर केली.

चार पायऱ्यांत चौसष्ट घरे

इब्न खल्लिकान यांच्या आधी अडीचशे वर्षांहून जास्त काळ हाच प्रश्न अल्-बिरूनी यांनी सोडवला होता. अबू रैहान अल्-बिरूनी यांचा जन्म इ.स. ९७३ चा, ख्वारिज्ममधला. हिंदुस्थानावरचा त्यांचा ग्रंथ सर्वांना माहीत आहे. पण त्याआधी, इ.स. १००० च्या सुमारास, त्यांनी जगातल्या कालगणनांवर 'अल्-आसारुल बाकिया' हा ग्रंथ लिहिला. त्यात पटावरच्या दाण्यांचा हिशेब आहे.

दुप्पट करत चौसष्ट वेळा जायचे म्हणजे वेळ खूप लागतो आणि चुकायची भीती राहते. अल्-बिरूनी यांनी जवळचा रस्ता धरला. १६ ला १६ ने गुणा : २५६. २५६ ला त्यानेच गुणा : ६५,५३६. त्याला पुन्हा त्यानेच गुणा : ४,२९,४९,६७,२९६. त्याला आणखी एकदा त्यानेच गुणा आणि येणाऱ्या उत्तरातून एक वजा करा. झाले! फक्त चार गुणाकार, आणि संख्या हातात.

एक का वजा करायचा? पहिली काही घरे पाहा. १ आणि २ मिळून ३. चौथ्याच्या आधीची तीन घरे, १, २ आणि ४ मिळून ७. चार घरे मिळून १५. दरवेळी बेरीज ही पुढच्या घरापेक्षा बरोबर एकाने कमी असते. म्हणून चौसष्ट घरांची बेरीज हवी तर पासष्टावे घर असते तर त्यात किती दाणे आले असते ते काढायचे आणि एक कमी करायचा. हा नियम नीट लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

त्याआधीही, इ.स. ९५२-५३ मध्ये, दमिश्कला अल्-उक्लीदिसी यांनी हिंदी अंकांच्या हिशेबावर एक पुस्तक लिहिले. एकाची दुप्पट तीस वेळा किंवा चौसष्ट वेळा करायचा प्रश्न लोक नेहमी विचारतात, असे त्यात आहे. म्हणजे हे कोडे त्या काळी बाजारात आणि मदरशात चांगलेच चालत असावे. धुळीच्या पाटीवर अंक लिहून पुसत बसण्याऐवजी कागद आणि शाई वापरा, हेही अल्-उक्लीदिसी यांनीच सांगितले. कागदावर पायऱ्या राहतात, त्या दुसऱ्याला तपासता येतात.

संख्येच्या पोटात काय आहे?

आता ही संख्या थोडी उघडून पाहू. शेवटचा अंक ५, म्हणजे ५ ने भाग जातो. सगळ्या अंकांची बेरीज ८७ येते. तिला ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही ३ ने भाग जातो. ९ ने मात्र जात नाही. एवढे सातवीतले मूलही सांगेल.

पुढची गंमत अल्-बिरूनी यांच्या पायऱ्यांतच लपलेली आहे. २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि ४,२९,४९,६७,२९६ या प्रत्येक संख्येत एक मिळवा. मिळतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. या सहा संख्यांचा गुणाकार केला की नेमकी आपली संख्या येते. खरे वाटत नसेल तर कॅल्क्युलेटर घ्या. ३ गुणिले ५ म्हणजे १५. १५ गुणिले १७ म्हणजे २५५. २५५ गुणिले २५७ म्हणजे ६५,५३५. दर पायरीला उत्तर पुढच्या वर्गाहून एकाने कमी येते.

या सहा संख्यांपैकी पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. फ्रान्सचे गणिती फर्मा यांना सतराव्या शतकात वाटले की या रांगेतली प्रत्येक संख्या मूळ असेल. पण इ.स. १७३२ मध्ये ऑयलर यांनी सहावीला गाठले : ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. म्हणून आपल्या संख्येचे मूळ अवयव झाले सात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक एकदाच येतो. त्यामुळे तिला निःशेष भाग देणाऱ्या संख्या किती, हेही लगेच कळते. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा असे दोनच पर्याय. सात वेळा दोन, म्हणजे १२८. दुपटीतून जन्मलेल्या संख्येचे भाजकही दुपटीनेच मोजले जातात!

इ.स. १८८३ मध्ये फ्रान्सचे एदुआर ल्यूका यांनी तीन खुंट्या आणि चकत्यांचे कोडे बाजारात आणले. एका वेळी एकच चकती हलवायची, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही. चौसष्ट चकत्या असतील तर किती वेळा हलवाव्या लागतील? अगदी हाच आकडा.

आजच्या तराजूत

गव्हाचे साधारण २५ दाणे एक ग्रॅम भरतात असे धरू. पटाच्या पहिल्या ओळीतल्या आठ घरांत मिळून २५५ दाणे, म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम. दोन ओळी मिळून अडीच किलोच्या थोडे वर. घरातल्या डब्यात मावतील. तीन ओळी मिळून पावणेसात क्विंटल. चार ओळी, म्हणजे अर्धा पट, मिळून १७२ टन. दहा टनी ट्रक सतरा-अठरा लागतील. एखाद्या राजाला हे अजूनही जड नाही.

गडबड पुढच्या अर्ध्यात आहे. पाच ओळींअखेर सुमारे ४४ हजार टन. सहा ओळींअखेर सव्वा कोटी टनांच्या आत-बाहेर. भारतात वर्षभरात पिकणारा सगळा गहू बावन्नाव्या घरापर्यंत संपून जातो. सात ओळींअखेर २८८ कोटी टन, आणि सगळ्या जगाचे वर्षाचे पीक आहे ८० कोटी टनांच्या आसपास. पूर्ण पट भरायला ७३ हजार कोटींहून जास्त टन गहू लागतो. आजचे जगाचे सगळे पीक नऊशे वर्षे साठवत राहिलो, एक पोळीही खाल्ली नाही, तर तो भरेल.

हा गहू महाराष्ट्रावर सारखा पसरला, चांद्यापासून बांद्यापर्यंत, तर सगळ्या राज्यावर सुमारे दहा फूट उंचीचा थर होईल. सेकंदाला एक दाणा मोजत बसलो तर ५८ हजार कोटींहून जास्त वर्षे लागतील. विश्वाचे वय शास्त्रज्ञ १,३८० कोटी वर्षे सांगतात.

खिशातली संख्या

आपल्या फोनवर किंवा संगणकावर '६४ बिट' असे लिहिलेले असते. याचा साधा अर्थ असा : एका संख्येसाठी यंत्राने ६४ बटणांची ओळ राखून ठेवली आहे. प्रत्येक बटण एकतर बंद किंवा चालू. पहिल्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, अशी दुप्पट-दुप्पट. अगदी सिस्साचा पट! सगळी बटणे चालू केली की येणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे हीच.

जुन्या यंत्रांत ३२ बटणांची ओळ असे. काही जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा ओळीत मोजतात आणि एक बटण अधिक-उणे दाखवायला ठेवतात. ती ओळ १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाईल. म्हणून अशा यंत्रणा बदलाव्या लागत आहेत. ६४ बटणे झाली की प्रश्न मिटतो. बटणे दुप्पट केली, पण मोजण्याची ताकद चारशे कोटींहून जास्त पटींनी वाढली.

दुपटीचा फास

आता घरातल्या हिशेबाकडे येऊ. दुप्पट होणाऱ्या गोष्टीची खोड अशी की सुरुवातीला ती निरुपद्रवी दिसते. राजा फसला तो पहिल्या ओळीकडे पाहून. आपणही तसेच फसतो.

अडीनडीला खासगी सावकाराकडून दरमहा शेकडा दहा दराने पैसे उचलले जातात. ऐकायला दहा हा आकडा लहान वाटतो. पण व्याज भरता आले नाही आणि ते मुद्दलात मिळत गेले, तर रक्कम आठ महिन्यांच्या आत दुप्पट होते. दहा हजारांचे एका वर्षात ३१ हजारांवर, दोन वर्षांत ९८ हजारांवर आणि तीन वर्षांत तीन लाखांवर जातात. लग्न, आजारपण, शाळेची फी यासाठी घेतलेली रक्कम दागिने आणि मग घर घेऊन जाते, ती अशी. अंदाजासाठी एक सोपा नियम : ७२ ला व्याजदराने भागा, रक्कम किती मुदतीत दुप्पट होईल ते कळते. ७२ भागिले १० म्हणजे सुमारे सात महिने. सही करण्याआधी हा भागाकार घरातल्या बाईमाणसांनी, मुलांनी, सर्वांनी करावा. सूरह आलि इम्रानच्या १३० व्या आयतीत दुपटी-चौपटीने वाढणाऱ्या व्याजापासून दूर राहण्याचा हुकूम आहे. त्यामागचा धोका चौसष्ट घरांचा पट डोळ्यांसमोर मांडतो.

दुसरा फास साखळी योजनांचा. "पाच हजार भरा, दोन सभासद आणा, ते दोन-दोन आणतील." कधी तिला 'हलाल' म्हणतात, कधी 'बिनव्याजी' म्हणून आपल्या मोहल्ल्यात आणतात. इथे मघाचा नियम आठवा : प्रत्येक घरातले दाणे हे आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त असतात. म्हणजे दहाव्या पायरीवर ५१२ नवे सभासद असतील, तर आधीचे सगळे मिळून ५११. योजना कुठल्याही दिवशी थांबली तरी अर्ध्याहून जास्त माणसे शेवटच्या पायरीवरच असतात. त्यांनी पैसे भरलेले असतात आणि हाती काहीच आलेले नसते. चालक प्रामाणिक असला तरी हे टळत नाही. आणि योजना थांबणारच, कारण एकतिसाव्या पायरीला एकूण २१४ कोटी माणसे लागतात. भारतात आहेत १४० कोटींच्या आसपास. अशा योजनांवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९७८ पासून आहे. पण शेजारची ओळखीची भाभी किंवा नात्यातला भाई ऑफर घेऊन दारात उभा राहतो तेव्हा कायद्याआधी हिशेब आठवावा.

दुपटीची चांगली बाजूही आहे. एका माणसाने वर्षभरात एकाला लिहायला-वाचायला शिकवले, पुढच्या वर्षी दोघांनी दोघांना, असे चालले तर सत्तावीस वर्षांत १३ कोटींहून जास्त लोक साक्षर होतील; २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. सूरह अल्-बकरहच्या २६१ व्या आयतीत अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याला दाण्याचीच उपमा दिली आहे : एका दाण्याला सात कणसे, प्रत्येक कणसात शंभर दाणे. कुणाचे घर न ओरबाडता होणारी ही वाढ आहे.

येत्या सुट्टीत मुलांना एक कोरा कागद, आठ बाय आठ घरांचा चौकोन आणि वाटीभर गहू द्या. दुसऱ्या ओळीच्या दोन-तीन घरांतच दाणे चौकोनाबाहेर सांडू लागतील. मग त्यांना पेन्सिल द्या आणि सोळाव्या घरापर्यंत आकडे लिहून काढायला सांगा. ३२,७६८ आले तर हिशेब बरोबर आहे. अलेक्झांड्रियाच्या त्या हिशेबनिसानेही काझीसाहेबांना सोळाव्या घरी हाच आकडा दाखवला होता.